निरोगी नमुना

डेंग्यूच्या वॉर्डात ती रोज सकाळी साडेसातला ट्रे घेऊन यायची आणि पेशंटांचं थोडं थोडं रक्त काढून न्यायची, म्हणून तिथल्या कुणीतरी तिचं नाव डासबाई ठेवलं. नाव वॉर्डातून प्रयोगशाळेत गेलं, प्रयोगशाळेतून घरी आलं, आणि घरी सासूबाईंना ते इतकं आवडलं की आठवडाभर त्यांनी सुनेला दुसऱ्या कशाने हाकच मारली नाही.

"सासूबाई आणि डासबाई," त्या म्हणायच्या. "यमकसुद्धा जुळतंय. एकीला बोलायला लागतं, एकीला टोचायला."

बोलायला लागतं हे खरंच होतं. सासूबाईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. त्यांचा आवाज खणखणीत होता आणि तोंडाचा पट्टा सकाळी एकदा सुरू झाला की रात्री दिवा मालवल्यावरच थांबायचा. त्या वर्तमानपत्राशी बोलायच्या, कुकरशी बोलायच्या, बातम्या सांगणाऱ्या बाईला तिचे उच्चार सुधारून द्यायच्या. डासबाईचा नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. दिवसभर बंद डब्यात उभं राहण्याची सवय असल्यामुळे की काय, पण आईचं बोलणं त्याच्या एका कानातून आत जाऊन दुसऱ्यातून बाहेर पडायचं. ऐकून घेणारी होती ती डासबाई, आणि उलट उत्तर देणारीही तीच. दोघींचं रोज एकदा तरी वाजायचं. कपडे कसे वाळत घालावेत, लेकीच्या वेणीला किती पेड असावेत, चहात साखर आधी की नंतर. सासूबाई एकाही मुद्द्यावर हार मानत नसत.

पण पीएचडीचं खूळ डासबाईच्या डोक्यात आलं, तेव्हा पहिल्यांदा पाठीशी उभ्या राहिल्या त्या सासूबाईच.

त्याआधी दहा वर्षं ती एका खासगी रक्ततपासणी केंद्रात होती. एका साथीच्या वर्षी चोवीस-पंचवीस वर्षांचा एक तरुण ताप आला म्हणून रक्त द्यायला आला. तिनेच काढलं, तिनेच तपासलं. आकडे अगदीच वाईट नव्हते. तीन दिवसांनी त्याची बहीण जुने रिपोर्ट गोळा करायला आली आणि खुर्चीत बसून राहिली. ताप उतरला म्हणून सगळे खूश होतो, म्हणाली, आणि संध्याकाळी तो गेला. घरी येऊन डासबाई सासूबाईंना म्हणाली, "मी त्याचं रक्त हातात धरलं होतं, आई. त्यात कुठेतरी लिहिलेलं असणार. मला वाचता आलं नाही."

"मग शिक वाचायला," सासूबाई म्हणाल्या.

"आता? तेहतिसाव्या वर्षी? आणि ही चिमुरडी?"

"चिमुरडीला मी बघते. एकाला वाढवून लिफ्टमध्ये चढवलंय मी, हिलाही चढवेन. तू जा."

अशी ती विद्यापीठाच्या रुग्णालयात दाखल झाली, शिकायला. तिच्या मार्गदर्शक मॅडम बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या आणि शिस्तीच्या कडक होत्या. त्यांनी चार महिने तिला नुसतं वाचायला लावलं, मग एक प्रथिन तिच्या पदरात टाकलं.

ते प्रथिन काय भानगड आहे हे सासूबाईंना समजावून सांगायला तिला एक अख्खी दुपार लागली होती. दोघी जुना हिवाळी कोट उसवत बसल्या होत्या.

"हे कोटाच्या आतलं अस्तर बघा," डासबाई म्हणाली. "रक्तवाहिनीलाही आतून असंच मऊ अस्तर असतं. डेंग्यूत काही जणांचं ते झिजतं. झिजलं की वाहिनी पाझरायला लागते, रक्तातलं पाणी बाहेर जातं. रक्त घट्ट होतं, बीपी पडतं. आणि हे सगळं होतं कधी? ताप उतरताना."

"म्हणजे लोक देवाचे आभार मानत असतात तेव्हा."

"हो. दवाखान्यात आलेल्या शंभरात दहा-पंधरा जणांचं असं होतं. ते कोण, हे तापाच्या तिसऱ्या दिवशी कळलं तर त्यांना डोळ्यासमोर ठेवता येतं. वेळेवर सलाईन, तेही मोजून. बहुतेक वाचतात."

"आणि ते कसं कळणार?"

"अस्तर झिजायला लागलं की त्याचे कण रक्तात सुटतात. तेच हे प्रथिन. ते मोजायचं."

सासूबाईंनी अस्तर बोटांत धरून चोळलं. थोडे धागे हातात आले. "एवढं सोपं सांगता येतं तर त्या जाडजूड पुस्तकात अवघड का लिहितात?" त्या म्हणाल्या.

तुलनेसाठी चाळीस निरोगी माणसांचं रक्तही लागणार होतं. तरुण मिळाले; साठीच्या पुढची निरोगी माणसं मात्र मिळता मिळेनात. कुणाला साखर, कुणाला रक्तदाब. सासूबाईंना हे कळल्यावर त्या दुसऱ्याच दिवशी इस्त्रीची साडी नेसून प्रयोगशाळेत हजर झाल्या. मॅडमनी त्यांना पंचवीस प्रश्न विचारले. प्रत्येकाचं उत्तर "नाही" असं आलं, आणि प्रत्येक "नाही"ला एक गोष्ट जोडलेली होती. रक्त काढलं ते प्रयोगशाळेच्या काकांनी. काका निवृत्तीनंतरही कामावर येणारे जुने तंत्रज्ञ. सगळे फ्रीज त्यांच्या ताब्यात.

"शास्त्राने मला निरोगी ठरवलंय," त्यानंतर सासूबाई ज्याला त्याला सांगू लागल्या. "कागद आहे माझ्याकडे. निरोगी नमुना."

"नमुना तर आहातच," डासबाई म्हणाली, आणि दोघी बराच वेळ हसत राहिल्या.

त्यानंतर आठ महिन्यांनी या निरोगी नमुन्याला ताप भरला.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी तो मानलाच नाही. दुसऱ्या दिवशी अंग इतकं ठणकायला लागलं की त्यांनी कण्हत कण्हत तापाची खरडपट्टी काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी डासबाईने त्यांना रुग्णालयात नेलं. तपासणीत डेंग्यू निघाला. वय बघून दाखल करून घेतलं, खिडकीजवळची खाट मिळाली.

मॅडम स्वतः खाली आल्या. "तू यांच्या रक्ताला हात लावायचा नाहीस," त्या डासबाईला बाजूला घेऊन म्हणाल्या. "अभ्यासात यांना घ्यायलाच पाहिजे असं नाही. आणि घेतलं तर विचारणारी मी, काढणारे काका. तू इथे सून आहेस."

पण सासूबाईंचे कान एक्स्चेंजमध्ये तयार झालेले. "घ्यायचं नाही कसं?" खाटेवरून आवाज आला. "निरोगी होते तेव्हा घेतलंत, आता आजारी आहे तर नको? आणा तो फॉर्म."

काकांनी नळी भरली, तिच्यावर नाव नाही, फक्त आकडा चिकटवला आणि ती उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजमध्ये गेली. सगळे नमुने गोळा झाल्यावर ते एकदमच मोजायचे, आणि कुठला आकडा कुणाचा हे तोवर कुणालाही माहीत असता कामा नये, असा नियम होता.

चौथ्या दिवशी ताप एकशे तीन होता, आणि सासूबाईंचं म्हणणं होतं की शेजारच्या खाटेवरची बाई झोपेत घोरत नाही, मुद्दाम करते. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. अठ्ठ्याण्णव. नवरा डबा घेऊन आला होता. थर्मामीटर बघून त्याचा चेहरा उजळला. त्याने लगेच शाळेच्या वाटेवर असलेल्या लेकीला फोन लावला. "आजी उद्या घरी येणार!"

ताप उतरला म्हणून हसणारे चेहरे डासबाईने पाच वर्षांत पुष्कळ पाहिले होते.

दिवसभर ती वॉर्डात येऊन-जाऊन होती. सकाळी सहाच्या तपासणीचे आकडे ठीक होते. दुपारी बारालाही बीपी बरं होतं. तीनच्या सुमारास ती वाटीभर सूप घेऊन आली. रुग्णालयाचं सूप, त्याबद्दल कालच सासूबाईंनी स्वयंपाकघराला निरोप पाठवला होता की पाणी उकळायला एवढी माणसं कशाला लागतात.

"थोडं घ्या, आई."

सासूबाईंनी घेतलं. दोन चमचे. तिसऱ्याला मान हलवली.

"बरं, नको तर नको. उशी थोडी वर करू?"

"कर."

"खिडकी लावू की उघडी ठेवू?"

"तू म्हणशील तसं," सासूबाई म्हणाल्या.

डासबाईच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षांत हे शब्द तिने या तोंडून ऐकले नव्हते. तिने सासूबाईंचा हात हातात घेतला. बोटं गार होती. पाय चाचपले, तेही गार.

"आई, वेणीला तीन पेड चांगले का चार?"

"कुठलेही," सासूबाई पुटपुटल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

नवरा दाराशी उभा होता. "झोपू दे तिला. थकलीये," तो म्हणाला. मग डासबाईचा चेहरा बघून त्याचा आवाज बदलला. "काय झालं? अगं, तुझं ते प्रथिन काय म्हणतंय? तू सांगू शकशील ना?"

"ते फ्रीजमध्ये आहे," ती म्हणाली. "अजून मोजलेलंच नाही."

आणि ती धावतच कॉरिडॉरमध्ये गेली. वॉर्डाचा तरुण डॉक्टर टेबलाशी बसून कागद भरत होता.

"खिडकीजवळच्या आजींचं रक्त आत्ता परत करा. बीपी पण."

"बाराला बघितलंय ना. ताप गेलाय, बऱ्या आहेत." मग त्याने मान वर केली. "का? उलटी? पोटात दुखतंय?"

"नाही."

"मग कशावरून म्हणताय?"

"त्या माझं ऐकतायत," डासबाई म्हणाली.

डॉक्टरला हसू आलं. पण तो तिला ओळखत होता. तो पेन ठेवून उठला. सासूबाईंच्या मनगटावर त्याने बोटं ठेवली, तशीच बराच वेळ ठेवली, आणि मग सिस्टरला हाक मारली ती जरा मोठ्यानेच. बीपीचे वरचा आणि खालचा हे दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ सरकले होते. वीस मिनिटांत रक्ताचा रिपोर्ट आला. सकाळी अडतीस असलेला घट्टपणा सत्तेचाळीसवर गेला होता. वाहिन्या पाझरत होत्या.

पुढचा दीड दिवस अतिदक्षता विभागात गेला. सलाईन किती थेंबांनी सोडायचं, कधी वाढवायचं, कधी कमी करायचं, हे दर तासाला रक्त बघून ठरत होतं. डासबाईला हे सगळं तोंडपाठ होतं. स्वतःच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात तिने ते आकृती काढून समजावलं होतं. पण बाहेरच्या बाकावर बसल्यावर तिला त्यातलं एक वाक्य आठवेना. ती नवऱ्याचा हात धरून बसली. नवरा, जो कधी आईचं बोलणं ऐकायचा नाही, एकदम म्हणाला, "किती शांत आहे गं इथे. मला सहन होत नाहीये." आणि तोंड फिरवून रडला.

सातव्या दिवशी सकाळी त्यांना आत सोडलं. सासूबाईंचा चेहरा सुजलेला होता, हातावर सुयांचे निळे डाग. सिस्टर त्यांना चमच्याने सूप भरवत होती. एक घोट घेऊन सासूबाईंनी नाक मुरडलं.

"यात काहीतरी पडलं होतं का," त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "का नुसतंच दाखवून आणलं?"

डासबाईचा जीव भांड्यात पडला. ती खाटेच्या कठड्यावर डोकं टेकून हसली की रडली ते सिस्टरला कळलं नाही.

"तू का रडतेस?" सासूबाई म्हणाल्या. "सूप मला प्यायचंय."

साथ ओसरल्यावर अभ्यासाची नोंदणी थांबली. एकूण दोनशे चौदा रुग्ण झाले होते. हिवाळाभर डासबाई आणि काका नमुने मोजायच्या प्लेट भरत बसले. मग एका सोमवारी मॅडमच्या खोलीत, तिघांच्या समोर, आकड्यांची नावांशी गाठ घालणारी यादी उघडली.

एकतीस जणांचा आजार गंभीर झाला होता. तिसऱ्या दिवसाच्या रक्तावरून प्रथिनाने त्यांतले चोवीस बरोबर ओळखले होते. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ही त्यांची खूश होण्याची पद्धत होती. "चांगलं आहे. खूप चांगलं आहे. लिहायला लाग. तीन महिन्यांत देऊन टाकू."

पण डासबाई निसटलेल्या सात जणांची यादी बघत होती. चौथ्या ओळीवर तिचं बोट थांबलं होतं. सासूबाई. धोक्याची रेघ होती ऐंशीवर. सासूबाईंचा आकडा होता पंचेचाळीस. तिच्या पद्धतीने त्या दिवशी सांगितलं असतं, की या बाईंना काही होणार नाही, खुशाल घरी न्या.

"माझ्या प्रथिनाने त्यांना घरी पाठवलं असतं, मॅडम."

"कुठलीच चाचणी सगळ्यांना पकडत नाही. मर्यादांच्या प्रकरणात स्पष्ट लिही."

"हो," ती म्हणाली. पण उठली नाही. "मॅडम, पंचेचाळीस हा आकडा इतरांसाठी कमी आहे. त्यांच्यासाठी कमी आहे का, हे आपल्याला बघता येईल. निरोगी होत्या तेव्हाचं रक्त आहे आपल्याकडे."

मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर लावला. म्हणाल्या, "त्यांना विचारावं लागेल. दोन्ही नोंदी जोडायची परवानगी त्यांनी दिलेली नाही."

संध्याकाळी डासबाईने कागद सासूबाईंसमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "माझंच रक्त माझ्याच रक्ताशी जोडायला माझी सही?" त्या म्हणाल्या. "बरं वाटलं बाई, कुणीतरी विचारतंय. या घरात विचारतं कोण?" आणि सही ठोकली.

निरोगी माणसांत ते प्रथिन तीस-चाळीसच्या आसपास असायचं. सासूबाईंचं बारा होतं. म्हणजे तिसऱ्या दिवशीचा पंचेचाळीस हा आकडा दिसायला साधा असला, तरी तो त्यांच्या नेहमीच्या जवळजवळ चौपट होता. अस्तर झिजत होतं. फक्त आकड्याची सुरुवात खूप खालून झाली होती, म्हणून तो रेघेपर्यंत पोचला नव्हता.

"पण प्रत्येक पेशंटचं निरोगीपणीचं रक्त कुठून आणणार?" मॅडम म्हणाल्या. "तुझ्या सासूबाईंसारखं आधी येऊन देऊन ठेवणारं कोण असतं?"

"आधीचं नको. नंतरचं चालेल. तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाचं मिळालं तर आकडा किती झपाट्याने वर जातोय हे दिसेल. पण चौथ्या दिवसाचं आपण ठरवून घेतलंच नव्हतं."

इथे काका खाकरले. ते इतका वेळ दाराशी उभे होते.

"आहे," ते म्हणाले.

"काय आहे?"

"चौथ्या दिवसाचं. वॉर्डातून रोज प्लेटलेट मोजायला नळ्या येतात ना, त्यातलं उरलेलं मी ठेवून दिलंय. फॉर्मात खाली एक चौकट आहे, उरलेलं रक्त साठवायला हरकत नाही म्हणून. ज्यांनी तिथे खूण केली त्यांचं सगळं आहे. दोन नंबरच्या फ्रीजमध्ये, खालचा कप्पा."

"काका, कशासाठी पण?"

काका अवघडले. "कशासाठी असं नाही. लोकांनी टोचून घेतलेलं असतं. फेकायला हात होत नाही."

मॅडम उठून त्यांच्यापाशी गेल्या. काहीतरी बोलणार होत्या, पण नुसतंच त्यांच्या खांद्यावर थोपटलं. बावीस वर्षांत त्यांनी असं पहिल्यांदाच केलं होतं, असं काकांनी नंतर डासबाईला सांगितलं.

म्हणजे आणखी एक वर्ष. तीन महिन्यांत संपणारं काम पुन्हा दोन नंबरच्या फ्रीजपासून सुरू. हे घरी कसं सांगावं या विचाराने डासबाईचा पाय उंबऱ्यात अडखळला. सासूबाई आजारपणानंतर लवकर दमत. तरी लेकीचा डबा, शाळा, शिकवणी सगळं त्याच रेटत होत्या.

तिने जेवताना सांगून टाकलं. नवऱ्याने हातातला घास थांबवला. सासूबाई मात्र जेवत राहिल्या.

"त्या सातांमध्ये माझ्याशिवाय कोण कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"ते सांगता येत नाही, आई."

"नावं नको गं. असंच."

"दोन कॉलेजची मुलं. एक शिक्षिका. एक सुतार. दोघी घरकाम करणाऱ्या बाया."

सासूबाई पाणी प्यायल्या. "मला तू होतीस," त्या म्हणाल्या. "मी गप्प बसले म्हणून तुझी धांदल उडाली. तो सुतार मुळातच अबोल असला तर? त्याचं कुणाला कळणार?" आणि मग नेहमीच्या आवाजात, "घे एक वर्ष. पण उद्यापासून वेण्या त्याने घालायच्या. लिफ्टची एवढी मोठी वायर गुंडाळतो, पोरीचे केस नाही जमणार?"

नवऱ्याच्या वेण्या पहिले दोन महिने बघवत नव्हत्या. तिसऱ्या महिन्यात जमायला लागल्या.

वर्षाने उत्तर आलं. दोन दिवसांचे आकडे एकत्र बघितल्यावर निसटलेल्या सातांपैकी पाच सापडले. विनाकारण धोक्यात धरलेल्यांची संख्याही थोडी घटली. मॅडमनी आकडे स्वतः पुन्हा मोजून घेतले, काकांकडूनही मोजून घेतले, आणि मगच चष्मा काढला.

प्रबंधाची तोंडी परीक्षा खुली होती. कुणीही येऊन बसू शकत होतं. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या, शेजारी नवरा आणि लेक. "एक शब्द बोलणार नाही," असं त्यांनी सकाळी तीनदा कबूल केलं होतं. डासबाईने पाऊण तास बोलून दाखवलं. बाहेरून आलेले परीक्षक जाड भुवयांचे, मितभाषी गृहस्थ होते. त्यांनी बरेच खोचक प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली.

"आणि हे दोन दिवसांच्या तुलनेचं कसं सुचलं?" त्यांनी शेवटी विचारलं. "मूळ आराखड्यात नव्हतं."

"एक सहभागी आधी आमच्या निरोगी गटात होत्या," डासबाई जपून म्हणाली. "नंतर योगायोगाने त्या आजारी पडल्या. त्यांच्या दोन्ही नोंदी, त्यांच्या परवानगीने, आम्ही शेजारी ठेवून पाहिल्या. त्यांची ओळख अर्थातच—"

"मी," सासूबाई उभ्या राहून म्हणाल्या.

नवऱ्याने त्यांचा पदर ओढला. सभागृहात खसखस पिकली. मॅडमनी कपाळाला हात लावला.

"ओळख गुप्त ठेवायची असते, आजी," परीक्षक म्हणाले. पण त्यांच्या भुवया हसत होत्या.

"ती त्यांनी ठेवायची. माझी मी सांगितली तर चालतं ना? आणि उभी राहिलेच आहे तर एक विचारू? इथे कुणीही विचारू शकतं असं बाहेर लिहिलंय."

परीक्षकांनी हाताने 'विचारा' अशी खूण केली.

सासूबाई सुनेकडे वळल्या. एक्स्चेंजमधला तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत लख्ख पोचला. "सातांपैकी पाच सापडले म्हणालीस. उरलेले दोघं का नाही सापडले?"

डासबाईने पडद्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. मॅडमनी नजर हलवली नाही. ते दोन आकडे तिने वर्षभर उलटेपालटे करून पाहिले होते. तिला त्या दोघांचे चेहरेही आठवत होते.

"माहीत नाही, आई," ती म्हणाली. "मी पुष्कळ शोधलं. मला अजून माहीत नाही."

सासूबाईंनी मान डोलावली आणि त्या खाली बसल्या. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "हे वाक्य प्रबंधात असंच्या असं घाला," ते म्हणाले. "बाकी माझे प्रश्न संपले."

अर्ध्या तासाने निकाल सांगितला. काकांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांत शेवटी थांबवल्या. मॅडमनी तिला जवळ घेतलं, लगेच सोडलं, आणि प्रबंधातल्या तीन चुकीच्या पानांचे क्रमांक सांगितले.

बाहेर पडताना नवरा आणि लेक पुढे गेले. सासूबाईंना जिने सावकाश उतरावे लागत. डासबाई त्यांच्यासोबत पायरी पायरी उतरत होती.

"ते दोघं," सासूबाई म्हणाल्या, "वाचले ना?"

"शिक्षिका वाचल्या. सुतार नाही."

सासूबाई पायरीवर थांबल्या. बराच वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि या खेपेला डासबाईने त्यांना बोलतं करायचा प्रयत्न केला नाही. मग त्यांनी कठड्यावरचा हात काढून सुनेच्या हातात दिला. हात ऊबदार होता.

"कधीपासून शोधणार?" त्यांनी विचारलं.

"सोमवारपासून. मॅडमना विचारलंय. काकांनी त्या सुताराच्या नळ्या वेगळ्या काढून ठेवल्यात."

"बरं. मग शनिवार-रविवार मुकाट्याने झोप काढायची. स्वयंपाकघरात पाऊल टाकलंस तर याद राख."

"मी चहा तरी करीन."

"नाही करणार."

"करीन."

वाद घालतच दोघी खाली पोचल्या. फाटकापाशी लेक बापाला काहीतरी हातवारे करून सांगत होती. सासूबाईंनी लांबूनच तिला हाक मारली तेव्हा रस्त्यावरची चार माणसं वळून बघायला लागली.